कमी पगार, जास्त वेळ: वेग कमी करण्याआधीचा हिशोब, कागदपत्रं आणि गावचं घर

आकडेमोड

नमस्कार मंडळी. चाळिशीच्या आसपासचं वय, पुण्या-मुंबईत भरल्या पगाराची नोकरी, आणि तरीही 'आता बढती नको, वेळ हवा' असं म्हणणारे पुष्कळ जण आहेत. त्यांना नेमकं काय, कोणत्या क्रमाने करायचं हे एका जागी सापडत नाही, म्हणून हा धागा. मुलं शाळेतून येतात तेव्हा घरी असावं, आईवडिलांजवळ राहावं, गावात काही काम उभं करावं अशी ओढ असेल तर पगारावर पाणी सोडणं पूर्ण शहाणपणाचं आहे असं माझं ठाम मत आहे. पण राजीनामा हा या कामातला सगळ्यात शेवटचा कागद. त्याआधीचं इथे लिहू या.

सुरुवात खर्चापासून. मागच्या 12 महिन्यांचा बँकेचा आणि यूपीआयचा उतारा काढा आणि प्रत्येक रक्कम तीनपैकी एका रकान्यात टाका. पहिला, घर चालायला लागतंच ते. दुसरा, नोकरीमुळे होणारा खर्च: पेट्रोल, कॅब, बाहेरचं जेवण, पाळणाघर, दमून आल्यावर मागवलेलं काहीबाही. तिसरा, वर्षातून एकदा किंवा काही वर्षांनी एकदाच येणारा. लोक फसतात ते तिसऱ्या रकान्यात. विम्याचे हप्ते, मालमत्ता कर, लग्नकार्यातले आहेर हे निदान आठवतात. पण फ्रिज, लॅपटॉप, घराचा रंग, गाडी यांचा खर्च कुणी महिन्यात धरत नाही. दहा वर्षांनी सहा लाखांची गाडी बदलायची असेल तर तो आजपासून महिन्याला 5,000 रुपयांचा खर्च आहे, आणि तो तसाच लिहायचा.

आता मुख्य आकडा. पूर्ण नोकरी सोडून साठ्यावर, म्हणजे साठवून गुंतवलेल्या पैशांवर, जगायचं तर वार्षिक खर्चाच्या 25 पट रक्कम हवी, असं ऐकायला मिळतं. तो ठोकताळा अमेरिकेतल्या बाजाराच्या जुन्या आकड्यांवरून आणि 30 वर्षांच्या निवृत्तीसाठी काढलेला आहे. आपल्याकडची महागाई आणि चाळिशीतून पुढची 45-50 वर्षं धरली तर 30 ते 35 पट धरावी. महिन्याला 50,000 खर्च म्हणजे वर्षाला 6 लाख, त्याच्या 30 पट 1 कोटी 80 लाख. हा आकडा पाहून बहुतेक जण विषय सोडून देतात. पण महिन्याला 30,000 रुपये मिळवून देणारं अर्धवेळ काम हातात असेल तर तूट 20,000 ची, म्हणजे वर्षाला 2 लाख 40 हजार, आणि साठा लागतो 72 लाखांचा. ते छोटं काम एकटं 1 कोटी 8 लाखांचं ओझं उचलतं. म्हणून 'सगळं सोडायचं की नाही' या प्रश्नात अडकू नका, 'किती थोडं काम पुरेल' हे काढा. ते काम बंद पडण्याच्या वयापर्यंत साठा वाढलेला हवा, हे मात्र त्यात धरा.

पिंपळपान

फार उपयोगी. एक शंका: कंपनी आठवड्यातून तीनच दिवस काम द्यायला तयार आहे, पगार 60 टक्के. वर्षाचा पगार 24 लाख आहे. हातात नेमकं किती येईल?

आकडेमोड

2025-26 च्या नव्या करप्रणालीने सांगतो. पीएफ आणि व्यवसाय कर बाजूला ठेवतो.

24 लाखांतून 75 हजारांची प्रमाणित वजावट जाऊन 23 लाख 25 हजार करपात्र. कर आणि सेस मिळून 2,92,500. हातात साधारण 21 लाख 7 हजार.

60 टक्के म्हणजे 14 लाख 40 हजार. कर 88,140. हातात 13 लाख 52 हजार, म्हणजे आधीच्या 64 टक्के.

निम्मा, म्हणजे 12 लाख पगार असेल तर कर शून्य, कारण 12 लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर सूट आहे आणि पगारदाराला वजावटीमुळे ती 12 लाख 75 हजारांपर्यंत पोचते. निम्म्या पगारात हातात 57 टक्के उरतात. सुटणारा प्रत्येक रुपया वरच्या टप्प्यातला असतो, त्यामुळे पगार जेवढा कापला जातो तेवढं घर कापलं जात नाही. शेअर किंवा इक्विटी म्युच्युअल फंड विकून झालेल्या नफ्याला मात्र ही सूट लागू नाही. त्याचा कर वेगळा काढायचा.

सुमेधा_नाशिक

आकडेमोड, एक महत्त्वाची भर. त्याच कंपनीत अर्धवेळ होताना ग्रॅच्युइटी तपासा. ती शेवटच्या मूळ पगारावर निघते: मूळ पगार गुणिले 15, भागिले 26, गुणिले सेवेची वर्षं. मूळ पगार 80,000 आणि सेवा 10 वर्षं असेल तर 4,61,538 रुपये होतात. मूळ पगार 40,000 वर आणून दोन वर्षांनी सोडलं तर हिशोब 40,000 वर होतो आणि आधीच्या सगळ्या वर्षांचं मोल निम्मं होतं. त्यामुळे नव्या पत्रात 'आजपर्यंतची ग्रॅच्युइटी जुन्या पगारावर धरली जाईल' असं लेखी मागा. मिळत नसेल तर पूर्ण हिशोब करून बाहेर पडणं आणि सल्लागार म्हणून नव्याने करार करणं बरं पडतं. ग्रॅच्युइटीला लागणारी पाच वर्षं पूर्ण व्हायला थोडे महिने उरले असतील तर आधी ती पूर्ण करा.

पीएफबद्दल: नोकरी सुटली म्हणून लगेच पैसे काढायची गरज नसते. व्याज चालू राहतं, फक्त नोकरी सुटल्यानंतरच्या व्याजावर कर लागतो. आणि पेन्शनची सेवा 10 वर्षांपेक्षा कमी असेल तर ती रक्कम काढून घेण्याऐवजी 10सी फॉर्म भरून योजना प्रमाणपत्र घ्या. पुढे कधी पुन्हा नोकरी धरली तर आधीची वर्षं त्यात जोडली जातात. दहा वर्षं पुरी झाली की 58 व्या वर्षापासून पेन्शन आहेच.

कवचकुंडल

आरोग्य विम्याकडे दुर्लक्ष झालं तर वरचे सगळे आकडे कोसळतात, म्हणून सविस्तर लिहिते.

कंपनीचा गटविमा बहुतेक ठिकाणी शेवटच्या कामाच्या दिवशी संपतो. आईवडील त्यात असतील तर त्यांचाही. नवी वैयक्तिक पॉलिसी घेतली तर पहिले 30 दिवस अपघाताशिवाय काही मिळत नाही, मोतीबिंदू, हर्निया, गुडघे अशा ठरावीक आजारांना वेगळी प्रतीक्षा असते, आणि आधीपासून असलेल्या आजारांना जास्तीत जास्त 36 महिने. म्हणजे तीन वर्षं आधी पॉलिसी सुरू केली असेल तर राजीनाम्याच्या दिवशी सगळं संरक्षण खुलं असतं. ज्यांना 'कधीतरी सोडायचं आहे' एवढंच ठरवता आलंय, त्यांनीही पॉलिसी आत्ताच काढावी, कंपनीची असली तरी.

तेवढा वेळ हातात नसेल तर त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत स्थलांतर मागा. गटविम्यात काढलेली वर्षं प्रतीक्षेत मोजली जातात. अर्ज नोकरी संपण्याच्या निदान 45 दिवस आधी गेलेला बरा, कारण विमा कंपनी तपासण्या मागते आणि उत्तर यायला वेळ लागतो. गटविम्यातून नाव कमी झाल्यावर अर्ज केला तर हे सगळं सोपं राहत नाही.

रक्तदाब, मधुमेह, थायरॉइड, जुनी शस्त्रक्रिया, सगळं अर्जात लिहा. एजंट 'गोळी चालू आहे ते नका लिहू' म्हणाला तर एजंट बदला. दावा फेटाळला जाण्याचं हे एक मोठं कारण असतं. आणि 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावर जीएसटी नाही, त्यामुळे जुन्या लेखांतले हप्त्याचे आकडे तसेच्या तसे धरू नका.

मुदत विमा घ्यायचा असेल तर तोही पगाराच्या स्लिपा चालू असताना. विम्याची रक्कम उत्पन्न बघून ठरते.

आकडेमोड

अगदी बरोबर, ताई. कर्जाचंही तसंच. 40 लाखांचं गृहकर्ज, साडेआठ टक्के, 20 वर्षं, म्हणजे हप्ता 34,700 च्या आसपास. तो डोक्यावर ठेवून संथ जगणं होत नाही. महिन्याचा कमीत कमी खर्च तो हप्ताच ठरवतो. बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड नसतो. मिळालेला बोनस, विकलेले शेअर, आधी इथे लावा. कर्ज फिटलं की मूळ कागदपत्रं 30 दिवसांत परत देणं बँकेवर बंधनकारक आहे, उशीर केला तर दिवसाला 5,000 रुपये भरपाई. ना हरकत पत्र आणि कर्जाची नोंद उतरवल्याचा पुरावा मागून घ्या.

राईनकाठ

इथे जर्मनी-नेदरलँड्समधले मराठी वाचकही आहेत, त्यांच्यासाठी. जर्मनीत 15 पेक्षा जास्त कर्मचारी असलेल्या कंपनीत सहा महिने झाले की कामाचे तास कमी करून मागण्याचा कायदेशीर हक्क आहे. अर्ज तीन महिने आधी. नुसतं अर्धवेळ मागितलं तर पुन्हा पूर्णवेळ मिळण्याची हमी नसते. म्हणून 2019 पासूनची 'ब्र्युकेनटाइल्त्साइट' मागा: एक ते पाच वर्षांसाठी तास कमी, मुदत संपली की आपोआप जुने तास. त्यासाठी कंपनीत 45 पेक्षा जास्त कर्मचारी हवेत. नेदरलँड्समध्ये 10 किंवा जास्त कर्मचारी आणि 26 आठवड्यांची सेवा पुरते, अर्ज दोन महिने आधी.

आपल्या लोकांची अडचण वेगळीच असते, ती व्हिसाची. ब्लू कार्ड (उच्चशिक्षितांचा युरोपातला कामाचा परवाना) किंवा डच कुशल स्थलांतरिताच्या परवान्यासाठी किमान पगाराची जी अट आहे ती अर्धवेळ काम म्हणून अर्धी होत नाही. परदेशातून आलेल्यांना मिळणाऱ्या डच 30 टक्के करसवलतीचंही तेच. तास कमी केल्यावरचा पगार त्या वर्षीच्या मर्यादेच्या वर राहतो का हे आधी बघा, आणि शक्य असेल तर कायम वास्तव्याचा परवाना हातात आल्यावरच अर्ज करा. बाळाचा विचार असेल तर जर्मनीत पालक भत्ता आधीच्या 12 महिन्यांच्या पगारावर निघतो, तोही क्रम ध्यानात ठेवा.

पिंपळपान

आभार सगळ्यांचे. पुढचा प्रश्न बऱ्याच जणांच्या मनात असणार: कोकणात थोडी जमीन आणि घर घ्यावं का?

सातबारा

शेतकरी नसाल तर महाराष्ट्रात शेतजमीन विकत घेता येत नाही. 1948 च्या कुळवहिवाट व शेतजमीन कायद्याचं कलम 63. त्यातून वाट काढून देतो म्हणणाऱ्या दलालापासून दूर राहा. असा व्यवहार नंतर सरकारजमा होऊ शकतो.

आजोबांची जमीन असेल तर आधी वारसनोंद करून घ्या. मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र आणि अर्ज. अर्ज ई-हक्क या सरकारी संकेतस्थळावरून घरबसल्या करता येतो. फेरफार (हक्क बदलल्याची नोंद) धरला की संबंधितांना नोटीस जाते, 15 दिवस हरकतीसाठी, मग मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात. स्वतःचं नाव सातबाऱ्यावर आलं की तुम्ही शेतकरी, आणि दुसरीकडची जमीनही घेऊ शकता.

कोकणातली खरी अडचण सामाईक खात्यांची. एका सातबाऱ्यावर तीस-चाळीस नावं, निम्मी मुंबईत, काही हयात नाहीत. विकणारा म्हणतो 'माझी चार आण्यांची आणेवारी आहे, हा कोपरा माझा'. कागदावर चार आणे असतात, कोपरा नसतो. नुसता हिस्सा घेतलात तर कुंपण घालायच्या दिवशी भावकी उभी राहते. सहहिस्सेदारांच्या संमतीने तहसीलदारांकडून जमीन महसूल संहितेच्या कलम 85 खाली वाटप करून, पोटहिस्सा पडून, वेगळा सातबारा निघाल्याशिवाय विसार देऊ नका.

कागद बघताना 'इतर हक्क' रकाना ओळ न ओळ वाचा. कुळाचं नाव, सोसायटीचा बोजा, विहिरीतला हिस्सा, वहिवाटीची वाट, सगळं तिथे असतं. 'भोगवटादार वर्ग 2' असेल तर परवानगीशिवाय विक्री होत नाही. डिजिटल सहीचा उतारा 15 रुपयांत मिळतो, पण फेरफार मागे मागे जाऊन 30 वर्षांचे वाचायला वकील लावा. पूर्ण रक्कम देण्याआधी भूमी अभिलेखकडून हद्द कायम मोजणी. आणि गाडी जाते ती वाट नकाशावर आहे की शेजाऱ्याच्या मर्जीवर, हे विचारल्याशिवाय परत येऊ नका.

शेतकरी नसलेल्यांना गावठाणातलं घर किंवा बिगरशेती प्लॉट घेता येतो. प्लॉट बिगरशेती (एनए) असल्याचा अधिकृत कागद मागा. जाहिरातीत 'एनए प्रस्तावित' लिहिलं असेल तर ती अजून शेतजमीनच आहे.

चिरेबंदी

सातबारा यांनी जमिनीचं लिहिलं, घराचं आणि बागेचं मी लिहितो.

जांभ्या चिऱ्याचं कौलारू घर छान राहतं, पण दर उन्हाळ्यात देखभाल मागतं. मेमध्ये कौलं चाळून घ्यायची, फुटकी बदलायची, वासे आणि रीप वाळवीसाठी ठोकून बघायच्या. हाताला पोकळ लागलेला वासा त्याच वर्षी बदलायचा. पुढच्या वर्षावर टाकला तर आषाढाच्या झडीत कौलांचं वजन घेऊन तो बसतो. वानरांचा रस्ता छपरावरून असेल तर कौलं दरवर्षी फुटणारच, तिथे पत्र्याचा विचार करा. जुनी, त्याच मापाची शे-दीडशे कौलं पडवीत रचून ठेवा, कारण नव्या साच्याची कौलं जुन्यात बसत नाहीत आणि सांध्यातून पाणी येतं.

घरून काम करणार असाल तर वीज हा पहिला प्रश्न. 150 एएचची एक ट्यूब्युलर बॅटरी लॅपटॉप, राउटर, एक पंखा आणि दोन दिवे मिळून 140 वॉटच्या भारावर नवी असताना सात-आठ तास चालते, जुनी झाली की त्याच्या निम्मं. वीज सलग दोन दिवस जाण्याचे प्रसंग पावसात येतात, म्हणून दोन बॅटऱ्यांची सोय करा. छपरावरच्या साध्या सोलरवर विसंबू नका: ग्रिडला जोडलेली यंत्रणा वीज गेली की स्वतःही बंद होते, बॅटरीची जोड असेल तरच चालते. गडगडाट सुरू झाला की राउटरची पिन आणि फायबरच्या पेटीची वीज दोन्ही काढायची. अर्थिंग नीट नसेल तर एका विजेत दोन्ही जातात. इंटरनेट दोन वेगळ्या कंपन्यांचं ठेवा, एक तार आणि एक सिम.

बागेच्या उत्पन्नावर संसार मांडू नका. हापूसची कलमं 10 बाय 10 मीटरवर, हेक्टरी 100, एकरी 40 बसतात. पहिली दोन-तीन वर्षं उन्हाळ्यात पाणी आणि गुरांपासून राखण लागते. पाचव्या-सहाव्या वर्षी थोडं फळ, भरवशाचं पीक दहाव्या वर्षापुढे, तेही वर्षाआड कमी-जास्त. ऐन मोहोरात ढगाळ हवा आली की तुडतुडे आणि फुलकिडे, मग फवारण्या. काजू त्या मानाने सोशिक: वेंगुर्ला 4 किंवा 7 या जाती, सात बाय सात मीटरवर हेक्टरी 200, तिसऱ्या वर्षापासून बी. ज्याला झाडांमध्ये वेळ घालवायचा आहे त्याने जरूर लावावं, पण पहिली पाच वर्षं बागेचं नाव जमेच्या बाजूला लिहू नये.

सुमेधा_नाशिक

आईवडील बरोबर असतील तर जागा ठरवताना नकाशावर आणखी तीन अंतरं काढा: सीटी स्कॅन, डायलिसिस आणि अँजिओप्लास्टी होते ते सगळ्यात जवळचं ठिकाण. सिंधुदुर्गातून आजही गंभीर रुग्ण गोव्यात बांबोळीला न्यावे लागतात. तालुक्याच्या गावापासून 5-6 किलोमीटरच्या आत राहिलात तर दवाखाना, हायस्कूल, एसटी, सगळंच सोपं होतं. अगदी आतल्या वाडीवरचं घर फोटोत सुंदर दिसतं, पण घरातलं कुणी गाडी चालवत नसेल तर त्यांचं जगणं तुमच्यावर अडून राहतं.

आणि पतिपत्नी दोघांनी एकदम नोकरी सोडू नये. एकाचा पगार आणि गटविमा चालू असताना दुसऱ्याने वर्षभर कमी उत्पन्नाची घडी बसवावी. घराचा नवा खर्च खरोखर किती येतो ते त्या वर्षात कळतं, आणि जो पगार वाचतो तो थेट साठ्यात जातो.

आकडेमोड

याला जोडून: सोडण्याआधी सहा महिने नव्या उत्पन्नावरच घर चालवून बघा. पगार जमा होईल त्या दिवशी वरची रक्कम वेगळ्या खात्यात. तिसऱ्या महिन्यात हात घालावा लागला तर खर्चाचा कागद चुकलाय, इच्छा नव्हे.

साठ्यातून तूट भागवणार असाल तर तीन वर्षांची तूट मुदत ठेवीत बाजूला काढा. नोकरी सोडल्यावरच्या पहिल्या काही वर्षांत बाजार पडला आणि पडत्या भावात म्युच्युअल फंडाचे युनिट विकावे लागले, तर पुढे बाजार चढूनही साठा सावरत नाही. वीस वर्षांनी आलेली तीच पडझड एवढी जड जात नाही.

पिंपळपान

शेवटचे दोन प्रश्न. अर्धवेळ सल्लागारीचं काम हळूहळू पूर्णवेळ होतं असं सगळे सांगतात, ते कसं रोखायचं? आणि घर बघायला कोणत्या महिन्यात जावं?

सुमेधा_नाशिक

करारातच रोखायचं. 'आठवड्यातून तीन दिवस' असं मोघम न लिहिता 'महिन्याला 60 तास' लिहा. त्यावरच्या तासांना दीडपट दर आणि पाच कामाचे दिवस आधी लेखी मागणी. न वापरलेले तास पुढच्या महिन्यात जात नाहीत. बैठकांचे वार आणि वेळा ठरलेल्या, आणि तातडीचं म्हणजे काय याची व्याख्या. ग्राहक एकच असेल तर तो गेला की उत्पन्न शून्य, म्हणून 40 आणि 20 तासांचे दोन ठेवा. नोंदी रोज ठेवा, महिन्याच्या बिलासोबत तासांचा तक्ता जोडा. तक्ता दिसला की जास्तीचं काम मागणारा आपोआप विचार करून मागतो.

चिरेबंदी

घर दोनदा बघा. एकदा मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात, विहिरीला तळ किती दिसतो ते पाहायला. शेजारच्या घरी 'टँकर शेवटचा कधी आला होता' हे विचारा. विकणाऱ्याला विचारून उपयोग नाही. दुसऱ्यांदा जुलैत, चार दिवस सलग पाऊस झाल्यावर: गाडी दारापर्यंत येते का, मागच्या भिंतीला ओल किती उंच चढली आहे, मोबाइलला रेंज राहते का. दिवाळीच्या सुट्टीत बघून घर घेऊ नका, तेव्हा कोकणातलं प्रत्येक घर चांगलंच दिसतं. जमलं तर मे ते ऑगस्ट त्याच गावात भाड्याने राहा आणि त्या काळात बिनपगारी रजा मागा. चार महिन्यांचं भाडं चुकीच्या खरेदीच्या मुद्रांक शुल्काहूनही कमी पडेल.